पांढऱ्या उंदराचे देणे

आपल्या पंचांगात जनावरांचे ऋण आठवण्याचे दिवस नेमून दिलेले आहेत. वसुबारसेला गाय आणि तिचे वासरू, पोळ्याला बैल, नागपंचमीला नाग. उंदराच्या वाट्याला मात्र स्वतंत्र दिवस आलेला नाही. गणपतीच्या पायाशी मखरात त्याला दहा दिवस जागा मिळते खरी, पण तीही चाकर म्हणून. आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तोच मामा कोठीत दिसला, की आपण पिंजरा शोधू लागतो. मला स्वतःला उंदराची मनस्वी किळस आहे. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना जीवरसायन शिकवले, पण उंदराच्या शेपटीला हात लावण्याची वेळ आली, की मी काही तरी निमित्त काढून बाहेर जात असे. तरीही या दिवाळीत मी एका उंदराविषयीच लिहायला बसले आहे. कारण त्याचे आमच्या घरावर देणे आहे.

हा उंदीर आपल्या माळ्यावरचा नव्हे. तो पांढराशुभ्र, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा, तळहातावर मावणारा. त्याच्या कुळाचे नाव ‘बाल्ब-सी’. १९१३ साली हॅल्सी बॅग नावाच्या एका अमेरिकन संशोधकाने ओहायो राज्यातल्या व्यापाऱ्याकडून काही पांढरे उंदीर घेतले. त्या ‘बॅगच्या अल्बिनों’चा हा वंश. आज जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत त्याची पोरेबाळे नांदत आहेत. या कुळाच्या एका शाखेतील काही पिले वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावी, तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, लुळी पडून मरू लागली. तेथून आमच्या घराची गोष्ट सुरू होते. आमचे घर डोंबिवलीला.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाला दिलेली आहे. मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडे जुनी. घरातली सोयरीक घरातच राहते, मुलीला सासुरवास होत नाही, असे वडीलधारी माणसे सांगत आली. त्यामुळे ती मला आत्या म्हणते, तिचा नवरा मावशी म्हणतो, आणि त्यांच्या मुलाची मी दोन्हीकडून आजी.

हा मुलगा २००८ साली जन्मला. जन्मानंतरची कावीळ इतर बाळांपेक्षा बरेच आठवडे अधिक रेंगाळली आणि मग निघून गेली. तो चालला वेळेवर, बोलला वेळेच्या आधी. पाढे धडाधड म्हणे. सातव्या वर्षी मात्र जिना उतरताना त्याचे काही तरी चुकू लागले. आपण पायरी पाहतो तेव्हा नुसती बुबुळे खाली नेतो. त्याला बुबुळे खाली नेता येत नव्हती, म्हणून तो सारी मानच खाली वाकवी आणि कठडा घट्ट धरी. अक्षर बिघडले. चेंडू हातातून निसटू लागला. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे, तो मोठ्याने हसला की खाली पडे. वडिलांनी गुदगुल्या केल्या, कोणी नक्कल केली, की हसता हसता त्याचे गुडघे दुमडत आणि तो जमिनीवर बसे. घरातल्या इतर मुलांना तो खेळ वाटे. तीही त्याच्यासारखी लोळण घेत.

मग दवाखाने सुरू झाले. कोणी चष्मा दिला, कोणी शक्तीची औषधे दिली, कोणी सांगितले की एकुलता एक आहे, लाडावला आहे. एका डॉक्टरांनी पोट तपासून पांथरी वाढल्याचे सांगितले. तो धागा धरून, चार वर्षांनी, २०१९ साली, मूल अकरा वर्षांचे असताना, आजाराचे नाव कळले: नीमन-पिक, प्रकार ‘सी’. सुमारे एक ते सव्वा लाख जन्मांत एखाद्या बाळाला होणारा आजार.

त्या रात्री भाची माझ्याकडे आली. रडून झालेले दिसत होते. म्हणाली, “आत्या, तू आयुष्यभर हेच शिकवलंस ना? मग मला समजेल असं सांग. गोड करून सांगू नकोस.”

मी तिला कोठीघराची उपमा देऊन सांगितले. तीच येथे देते.

आपल्या शरीराची प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानसे घर. घराला तूप लागतेच. पेशीला कोलेस्टेरॉल लागते. आपण त्या बिचाऱ्याला हृदयविकाराचा चोर म्हणून ओळखतो, पण पेशीच्या भिंती त्याच्यावाचून उभ्या राहत नाहीत. रक्तातून कोलेस्टेरॉलच्या गाठोड्या येतात, त्या पेशीत एका कोठीघरात उतरतात, तेथे सोडल्या जातात आणि मग माल घरभर वाटला जातो. या कोठीघराला लायसोसोम म्हणतात. १९५५ साली बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी ते प्रथम ओळखले आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. नीमन-पिक ‘सी’मध्ये माल येतो, गाठोडी सुटते, पण कोठीघराचे बाहेर जाण्याचे दार उघडत नाही. आत तुपाचे डबे साचत जातात, आणि स्वयंपाकघरात मात्र तुपाचा थेंब नाही. स्वयंपाकघराला आतली गोष्ट कशी कळणार? ते समजते की घरात तूप संपले. म्हणून ते बाजारातून आणखी मागवते, घरीही आणखी कढवते. तेही जाऊन त्याच कोठीत अडकते. भरल्या घरात उपास घडतो तो असा.

भाचीने विचारले, “हे कोणाला कसं कळलं? माणसाच्या मेंदूत कोणी डोकावलं?”

“माणसाच्या नाही,” मी म्हटले, “उंदराच्या.”

या आजाराचे नाव जुने आहे. १९१४ साली बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ आल्बर्ट नीमन यांनी असे एक बाळ पाहिले. पुढे लुडविग पिक यांनी अशा रोग्यांची इंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. १९६१ साली अॅलन क्रॉकर यांनी या आजाराचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार पाडले. सर्वांत समान दिसणारी गोष्ट म्हणजे स्फिंगोमायेलीन नावाच्या एका मेदाची साठवण. ए आणि बी प्रकारांत तो मेद तोडणारे पाचकद्रव्यच नसते, हे १९६६ साली सिद्ध झाले. साहजिकच सर्वांना वाटले की सी मध्येही तसेच काही असणार. रोगाच्या नावानेच विद्वानांना चुकीच्या गल्लीत नेऊन सोडले.

त्या गल्लीतून त्यांना बाहेर काढले ते पांढऱ्या उंदराने. बेथेस्डाच्या त्या शाखेतील आजारी पिले जन्मतः इतरांसारखीच दिसत. पाच-सहा आठवडे सारे ठीक. मग वजन वाढेनासे होई, अंगाला कंप सुटे, चाल डळमळे, आणि दहा-बारा आठवड्यांत ती मरत. पीटर पेंटचेव्ह आणि त्यांचे सहकारी या पिलांच्या मागे लागले. १९८० साली त्यांनी पहिला शोधनिबंध लिहिला तेव्हा त्यांचेही लक्ष स्फिंगोमायेलीनकडेच होते. पण यकृतातील मेदांचा हिशेब मांडता मांडता दिसून आले की खरा ढीग आहे तो कोलेस्टेरॉलचा. १९८४ साली त्यांनी दाखवले की बाहेरून आलेले कोलेस्टेरॉल या उंदरांच्या पेशींना वापरताच येत नाही. पुढल्या वर्षी, १९८५ साली, नेमका तोच दोष नीमन-पिक ‘सी’ झालेल्या माणसांच्या त्वचेच्या पेशींत सापडला. डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. येथे उंदीर तपासला आणि डोंगर निघाला.

या पिलांच्या मेंदूतल्या मेदांनी तर विद्वानांना चांगलेच चकवले. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे दोन टक्के, पण शरीरातील कोलेस्टेरॉलपैकी वीस-पंचवीस टक्के एकट्या मेंदूत असते. तेव्हा आजारी पिलाच्या मेंदूत कोलेस्टेरॉलचा डोंगर सापडावा, अशी कोणाचीही अपेक्षा. सबंध मेंदू घेऊन मोजले, तर वाढ नाहीच. उलट काही वेळा थोडी घटच. हे कसे? हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला याचे उत्तर चटकन समजेल. मेंदूतील बहुतेक कोलेस्टेरॉल मज्जातंतूंवरील पांढऱ्या आवरणात असते. या आजारात ते आवरण विरळ होत जाते, म्हणजे तेथली शिल्लक घटते. त्याच वेळी मज्जापेशींच्या कोठीघरांत कोलेस्टेरॉल तुंबते, म्हणजे येथली शिल्लक वाढते. एका डब्यातले तूप सांडते आहे, दुसऱ्यातले कोंडले आहे, आणि महिनाअखेरची बेरीज मात्र जिथल्या तिथे! नुसती बेरीज पाहणारा म्हणेल, घर ठीक चालले आहे.

पण पेशी रंगवून पाहिल्या की सत्य उघडे पडते. त्यासाठी जो पदार्थ वापरतात त्याचे नाव फिलिपिन, कारण तो फिलिपाइन्सच्या मातीतील एका सूक्ष्म जिवापासून मिळाला. तो मोकळ्या कोलेस्टेरॉलला चिकटतो आणि विशिष्ट प्रकाशात निळा चमकतो. निरोगी पेशीत मंद निळी झाक दिसते. आजारी पेशीत केंद्राभोवती निळ्या ठिपक्यांची गर्दी, जणू काळोखात कोणी पणत्यांची आरास मांडली आहे. दिवाळीच्या अंकात ही उपमा द्यावी की नाही, असा विचार मनात आला. पण पहिल्यांदा ते चित्र पाहताना मला पणत्याच आठवल्या, याला इलाज नाही.

कोलेस्टेरॉलच्या मागोमाग इतर मेदही कोंडतात. गँग्लिओसाइड नावाचे शर्करायुक्त मेद मेंदूत असतातच, पण त्यांतले जीएम-२ आणि जीएम-३ हे दोन निरोगी मेंदूत अगदी नाममात्र. आजारी पिलाच्या मेंदूत ते साचत जातात. यकृतात स्फिंगोमायेलीन वाढते. शेवटी लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी मरू लागतात. तोल सांभाळणे, हात नेमका नेणे ही त्यांची कामे. वडाच्या झाडासारख्या फांद्या पसरलेल्या या देखण्या पेशी पुढच्या भागापासून मागे अशा ओळीने नाहीशा होतात. आमच्या मुलाच्या हातून चेंडू का निसटतो, याचे उत्तर पिलाच्या त्या ओस पडलेल्या रांगांत लिहिलेले होते.

आता या उंदराच्या वंशावळीकडे वळते, कारण ती सांगताना माझी जीभ जड होते. प्रयोगशाळेतला शुद्ध वंश तयार करायचा म्हणजे निदान वीस पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचाच संकर करावा लागतो. त्यामुळे सारे उंदीर एका साच्यातून काढल्यासारखे होतात. पण त्याबरोबर कुळात दडलेला एखादा दोष असेल, तर तोही वर येतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडली तरी दुसरीवर भागते. माणूस धडधाकट राहतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दोघे असे वाहक एकत्र आले, की प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक शक्यता अशी, की दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाच्या पदरी पडाव्यात. परक्या घरात तीच प्रत असण्याचा संभव अगदी थोडा. एकाच आजीआजोबांच्या नातवंडांत तो बराच मोठा.

आमच्या घरात हे कळले तेव्हा माझी बहीण प्रथम रीतीप्रमाणे म्हणाली, “सुनेच्या माहेरचं काही असेल.” म्हणाली आणि थबकली. कारण सुनेचे माहेर म्हणजे तिचेच माहेर. तपासात निघाले की बहीण वाहक, भाऊही वाहक. म्हणजे ती प्रत आमच्या आईची किंवा वडिलांची. दोघेही ऐंशी ओलांडून, कोणाला काही न कळता, समाधानाने गेले. निम्मी शक्यता अशी, की तीच प्रत माझ्याकडेही आहे. मी तपासून घेतले नाही. मला मूलबाळ नाही, त्यामुळे त्या प्रश्नाला उत्तराची गरज उरलेली नाही. पण सगोत्र विवाह वर्ज्य मानणाऱ्या आणि मामाची मुलगी हक्काची मानणाऱ्या आम्हां लोकांना गोत्रापलीकडचे गणित पांढऱ्या उंदराने शिकवावे, यातला विनोद आमच्या वडिलांना आवडला असता.

पुढची गोष्ट वेगाने घडली. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे विख्यात मार्गदर्शक आरा पार्सेघियन यांच्या तीन नातवंडांना हा आजार निघाला. १९९४ साली त्या कुटुंबाने एक संस्था काढून संशोधनासाठी पैसा उभा केला. १९९७ साली अठराव्या गुणसूत्रावरील जनुक सापडले. त्याला ‘एनपीसी-१’ हे नाव मिळाले. त्याच वेळी बेथेस्डाच्या उंदरातही तेच जनुक बिघडलेले निघाले. डीएनएचा एक उपरा तुकडा त्याच्या मध्येच घुसून बसला होता. आपली पिले खरोखरीच आपल्या मुलांची भावंडे होती, हे शंकेपलीकडे सिद्ध झाले. २००० साली चौदाव्या गुणसूत्रावर दुसरे जनुक सापडले, ‘एनपीसी-२’. सुमारे पंचाण्णव टक्के रोग्यांत दोष पहिल्याचा असतो. कोलेस्टेरॉलवरील कामासाठी १९८५ साली नोबेल मिळवलेले ब्राउन आणि गोल्डस्टीन हे दोघेही या दोन द्वारपालांच्या मागे लागले. त्यांच्या कामातून दिसले ते असे: दुसरा द्वारपाल कोठीघरातले कोलेस्टेरॉल ओंजळीत घेतो आणि दारात उभ्या असलेल्या पहिल्याच्या ओंजळीत ठेवतो, पहिला ते भिंतीपार नेतो. पाण्याचा स्पर्शही न होऊ देता एका हातातून दुसऱ्या हातात, सोवळ्यातल्या नैवेद्यासारखे.

मग औषध? भाचीचा खरा प्रश्न हाच होता. तिने इंटरनेटवर शोधून ठेवले होते. “आत्या, उंदीर बरा झालाय. मग माझा मुलगा का नाही होणार?”

ती गोष्ट अशी. २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी या पिलांना सातव्या दिवशी मेंदूत तयार होणाऱ्या एका संप्रेरकाची सुई दिली, आणि त्यांचे आयुष्य जवळजवळ दुप्पट झाले. ते संप्रेरक पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या पदार्थात मिसळले होते. हा पदार्थ पिष्टापासून बनतो. सात शर्करांचे एक कडे, बाहेरून पाण्याशी मैत्री करणारे आणि आतल्या पोकळीत तेलकट वस्तू धरून ठेवणारे. पुढे शंका आली आणि २००९ साली न्यूयॉर्क आणि डॅलस येथील संशोधकांनी नुसते सायक्लोडेक्स्ट्रिनच देऊन पाहिले. गुण त्याचाच निघाला! वैद्याने मात्रा मधातून चाटवावी, आणि रोगी मात्रेने नव्हे तर मधानेच उठून बसावा, असा हा प्रकार. अनुपानच औषध ठरले. कोठीघरात शिरून ते अडकलेला माल मोकळा करीत होते.

उंदरामागून मांजर आले. मांजरांतही हा आजार आपोआप उद्भवलेला आढळला होता. २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी अशा मांजरांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात हे औषध सोडले, तेव्हा त्यांच्या पर्किंजे पेशी वाचल्या. ऐकू मात्र कमी येऊ लागले. उंदराला मांजर साक्ष, ही म्हण लबाडांच्या संगनमतासाठी आहे. येथे दोन हाडवैऱ्यांनी एकच खरी साक्ष दिली.

आणि माणूस? २०१७ साली पहिल्या लहान चाचणीचे निष्कर्ष आले. औषध पाठीच्या कण्यातून देत होते. आजाराचा वेग मंदावल्यासारखा दिसला, श्रवणशक्ती कमी झाली. पण पुढच्या मोठ्या चाचणीत, जिथे काही मुलांना औषध दिले आणि काहींना नुसता दिल्याचा देखावा केला, दोन गटांत फरक सिद्ध झाला नाही. २०२१ साली ते औषध बनवणाऱ्या कंपनीने काम थांबवले.

ती बातमी भाचीने मला वाचून दाखवली. मी तिला गोड करून सांगितले नाही. पिलाला सुई मिळाली ती सातव्या दिवशी, पणत्या पेटायच्या आधी. आपल्या मुलाला आजाराचे नाव मिळायलाच अकरा वर्षे लागली. पिलाचा मेंदू हरभऱ्याच्या घाट्याएवढा. माणसाचा सव्वा-दीड किलोचा, आणि औषध त्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचे. पिलाचे सारे आयुष्य अडीच महिन्यांचे. त्यात पडलेला फरक डोळ्यांना दिसतो. मुलाचा आजार वर्षानुवर्षे मुंगीच्या पावलाने चालतो. एका वर्षात तो थांबला की नाही, हे मोजायचे कशाने? उंदीर खोटे बोलला नव्हता. त्याने उंदरापुरते खरे सांगितले होते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे त्याच्यावर रागवता पण येत नाही.”

पण त्या उंदराने दिले ते एवढेच नव्हे. कोठीत कोंडलेले कोलेस्टेरॉल हळूहळू खवट होते, म्हणजे प्राणवायूशी संयोग पावते, आणि त्याचे अंश रक्तात उतरतात. आजारी उंदरांत आणि रोग्यांत हे अंश वाढलेले असतात, हे बेथेस्डाच्याच संशोधकांनी २०१० साली दाखवले. पूर्वी या निदानासाठी त्वचेचा तुकडा काढून त्यातील पेशी कित्येक आठवडे वाढवाव्या लागत. आता रक्ताच्या लहानशा नमुन्यावर संशय धरता येतो आणि मग जनुक तपासून खात्री करता येते. आमच्या मुलाचे निदान असेच झाले. जीएम-२, जीएम-३ यांसारख्या मेदांची निर्मिती कमी करणारे मिग्लुस्टॅट हे औषध २००१ साली उंदरांवर आणि मांजरांवर आजमावले गेले आणि २००९ साली युरोपात या आजारासाठी मान्य झाले. ते बरे करीत नाही. उताराचा चढ थोडा कमी करते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एकाच आठवड्यात आणखी दोन औषधे मान्य झाली. त्यांतल्या एकाची हकीकत मौजेची आहे: त्याचा सख्खा भाऊ फ्रान्समध्ये १९५७ सालापासून साध्या चक्कर येण्यावर देत आले आहेत. येथे आधी माणसांना गुण दिसला आणि मग कारण शोधायला पुन्हा त्याच उंदराकडे जावे लागले.

मधल्या काळात भाचीला पुन्हा दिवस गेले होते. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. चारांत एक, हे गणित सर्वांना पाठ झाले होते. पण दोष नेमका कोणत्या अक्षरात आहे हे आता ठाऊक होते. त्यामुळे तिसऱ्या महिन्यातच वारेचा कण घेऊन तपासता आला. उत्तर यायला जे दिवस लागले ते आम्ही कसे काढले, ते लिहीत नाही. बाळाला एक प्रत चांगली, एक बिघडलेली. आईबापांसारखीच, आजीसारखीच, पणजोबांसारखीच. म्हणजे निरोगी. १९९७ साली त्या उंदराच्या आणि माणसाच्या जनुकाची ओळख पटली नसती, तर ही तपासणी झाली नसती, आणि ही नात कदाचित कोणी जन्माला येऊच दिली नसती.

किती उंदीर मेले असतील? संख्या मला माहीत नाही, आणि ती सोयीची नसणार हे ठाऊक आहे. आपल्याकडे १९६० सालच्या कायद्याने प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास बंदी आहे आणि प्रयोगांवर देखरेख करणारी समितीही त्याच कायद्याखाली काम करते. जपानात प्रयोगशाळांतून मेलेल्या जनावरांसाठी दरवर्षी श्रद्धांजलीचा विधी करतात. रशियात नोवोसिबिर्स्क येथे २०१३ साली प्रयोगातल्या उंदराचा पुतळा उभारला. चष्मा लावलेली उंदराची आजी सुयांवर डीएनएचा गोफ विणते आहे. मी त्याचे छायाचित्र माझ्या बहिणीला दाखवले. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आई अशीच बसायची गं विणायला.” त्या प्रतीत नेमका कोणता टाका सुटला होता, हे आमच्या आईला कधी कळले नाही.

मुलाला आता मिसरूड फुटले आहे. बोलणे अडखळते, चालताना कोणाचा तरी हात लागतो, घास बारीक करून द्यावा लागतो. औषधे चालू आहेत, तोल राखण्याचे व्यायाम चालू आहेत. पाढे अधूनमधून चुकतात. पण विनोद मात्र त्याला अजून सगळ्यांआधी कळतो, आणि हसला की पाय अजूनही मोडतात. त्यावर त्याच्या धाकट्या बहिणीने स्वतःच एक युक्ती काढली आहे. तिला काही गमतीचे सांगायचे असले, की ती आधी त्याचा हात धरून त्याला आरामखुर्चीपर्यंत नेते, “बस आधी,” म्हणून दटावते, तो नीट टेकला की नाही ते पाहते, आणि मगच सांगू लागते.